आरसा वाढवला

तुडीलात लाईट आली त्या दिवशी गावातले कोंबडे भरदुपारी आरवायला लागले, ते घसा बसला तेव्हाच गप झाले. एका म्हातारीनं म्हणे बल्बला विडी लावली, आणि पेटली! खोटं वाटत असेल तर तुडीलात जाऊन विचारा. पण म्हातारी आता नाही, आणि कोंबडे तर केव्हाच रश्शात गेले.

साळूला कोंबड्यांचं काय नि विडीचं काय. तिच्या कानात एकच बोलणं घुमत होतं. शिमग्याची रजा संपवून मुंबईला निघताना तिचा नवरा सोनबा उंबऱ्यात वाकून वहाणा घालत म्हणाला होता, "गावात लाईट येऊ दे गो. लाईट आली का मी पन आलो, कायमचा."

तेव्हा गावात विजेचा खांबसुद्धा नव्हता. म्हणजे कावळा गोरा झाला की येतो, असं सांगण्यातलाच प्रकार. पण साळूनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

सोनबा मुंबईत एका मोठ्या हॉटेलात कामाला होता. साहेब लोकांच्या आंघोळीच्या खोल्यांतले आरसे पुसायचे, हे त्याचं काम. गावी आला की त्याच गोष्टी. "भिंतीयेवढा आरसा! नि दिवे दोन्ही अंगाला. दिवा डोक्यावर असला का डोळ्याखाली सावली पडते, मानूस आजारी दिसतो. बाजूला असला का तोंड कसं पुनवेवानी. पयल्या दिवशी म्या आत गेलो तर समोर साहेब! सलाम केला. त्यानं पन केला. दुपारपर्यंत आमचं तेच चाललं होतं."

साळू पोट धरून हसायची. पण तो गेल्यावर तिला वाटायचं, त्या पुनवेच्या उजेडात यांना रोज कोणाकोणाची तोंडं दिसत असतील. आपलं तोंड यांनी बघितलंय ते चुलीच्या जाळात, नाहीतर कंदिलाच्या काजळीत. घरात आरसा होता तो लग्नाच्या वर्षी सोनबानंच आणलेला, तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच डोळा मावायचा. दुसरा बघायचा तर पहिल्याला निरोप द्यावा लागायचा.

म्हणून तिनं ठरवलं, न्हाणीत मोठा आरसा लावायचा आणि त्याच्यावर दिवा. एसटीतून उतरून तो हातपाय धुवायला न्हाणीत शिरेल, मान वर करेल, मागं आपण टॉवेल घेऊन उभ्या असू. मग बघू कसा परत जातो ते!

वायरमन आला. घरटी एकच बल्ब द्यायचा होता. "कुठं लावू?"

"देवापाशी," सासू ठमाबाई म्हणाली.

"न्हाणीत," साळू म्हणाली.

ठमाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "देव काळोखात नि बूड धुवायची जागा उजेडात? लोक आरतीला न्हाणीत येतील गो!"

"आत्याबाई, देवाला काय भांग पाडायचा हाय?"

"नि तुला कोनासाठी पाडायचा हाय? नवरा मुंबईत. म्हशीला दाखवनार मुखडा?"

पण वायरमन बिलंदर होता. देवाची खोली नि न्हाणी यांच्यामध्ये एकच भिंत. त्यानं वरच्या अंगाला भोक पाडलं आणि बल्ब नेमका भोकात लोंबवला. निम्मा उजेड देवाला, निम्मा न्हाणीला. त्यानंतर ठमाबाई रोज पूजा झाली की देवाला बजावायची, "तिकडं बघू नको रे बाबा."

या ठमाबाईचा घरात एक कायदा होता. अभद्र शब्द तोंडातून काढायचा नाही. तिच्या घरात दिवा विझत नसे, वाढत असे. बांगडी फुटत नसे, वाढत असे. तांदूळही संपत नसत, वाढत. एकदा मांजरानं दुधाचा टोप लवंडला, तर म्हातारी ओरडली, "दूध वाढवलंन मेल्यानं!" वाटसरूला वाटावं, काय भरभराट चाललीय या घरात!

दिवा झाला, राहिला आरसा. भाताची लावणी आटोपली तशी साळू महाडच्या बाजारात मुरारीच्या दुकानात गेली. तिथं देवांच्या तसबिरी नि आरसे एकाच भिंतीला टांगलेले. नवं गिऱ्हाईक हटकून आरशालाच हात जोडायचं.

"हा घ्या गोल," मुरारी म्हणाला. "हल्ली नव्या नवऱ्या हाच नेतात."

साळूनं बघितलं. "ह्यात मी भाकरी दिसते."

"मग हा उभा घ्या."

"ह्यात बकरी."

"बाई, आरसा आहे तो. जे आहे तेच दाखवतो."

"मग तुम्ही पन बघा की वाईच."

मुरारीनं बघितलं आणि तो आरसा मुकाट्यानं मागं ठेवून दिला.

शेवटी त्यानं एक आडवा, रुंद आरसा काढला. साळू त्याच्यापुढं उभी राहिली. मग एका अंगाला सरकली. अर्धा आरसा तिनं रिकामा सोडला आणि त्या रिकाम्या जागेकडंच बघत राहिली.

"काय बघताय?"

"माझ्या मागं कोन उभं राहिलं तर मावंल का, ते."

मुरारीनं आरशाच्या रुंदीवर वीत फिरवली. "मावेल. खांद्याला खांदा लागेल मात्र."

"लागू दे," साळू म्हणाली. "हाच बांधा."

शेजारचा श्रीपत मुंबईला गिरणीत होता. तो रजा संपवून परत निघाला तेव्हा साळूनं निरोप दिला, "भावजी, त्यांना सांगा, लाईट आली. नि आरसा वाढवला."

"येवढंच, वैनी?"

"येवढंच. ते समजतील."

सोनबा समजला. समजला म्हणजे काय, आठवडा उलटायच्या आत भरदुपारी नदीकडच्या वाटेनं धापा टाकत आला. डोक्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. चादर एका कोपऱ्याला सुटली होती आणि तिथून ऊन असं फाकत होतं, की वाटेवरची म्हैस दिपून उलटी घरी गेली.

"हाताला लागलं का गो?" त्यानं अंगणातूनच विचारलं.

"काय?"

"आरसा फुटला ना?"

"सोन्या! घरात असं बोलू नको!" आतून ठमाबाई.

"अवो, फुटला कुठं? वाढवला म्हनजे मोठा घेतला!"

सोनबा डोक्यावरचं ओझं उतरवून ओट्यावर बसला. "मग मोठा घेतला म्हनायचं की! ह्या आईच्या घरात वाढलो मी. म्हटलं लग्नातला आरसा गेला, तू रडत बसली असशील. मुकादमाच्या पाया पडून आलो. हाटेलात नवे बसवतायत, जुन्यातला हा कोपरा उडालेला मागून आनला."

दिवेलागणीला दोघं न्हाणीत शिरली. बल्ब लागला. साळूच्या आरशात सोनबानं निरखून बघितलं. "वरून उजेड. सावली पडनारच." मग त्यानं आपला आरसा समोरच्या भिंतीला टेकवला, वाकडा केला, सरळ केला. बल्बचा उजेड त्यावरून परतून साळूच्या गालावर आला. हंड्यातल्या पाण्याची वाफ साळूच्या आरशावर धरली होती, ती त्यानं तळहातानं पुसली आणि तिच्या मागं येऊन उभा राहिला. मावला. खांद्याला खांदा लागला.

"गेली का सावली?" साळूनं विचारलं.

सोनबानं तिच्या डोळ्याखाली बोट टेकवलं. "नाय गो. ही दिव्याची नाय."

दोन आरशांमध्ये साळूमागं सोनबा, सोनबामागं साळू, अशी रांगच्या रांग लागली होती, पार सावित्री नदीच्या पल्याड गेलेली.

"लाईट आली," साळू त्या रांगेला म्हणाली. "तुम्ही बोलला होता."

इतके सोनबा, सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. शेवटी सगळ्यात जवळचा म्हणाला, "लाईटीनं भात जास्ती पिकतं का गो? दिवाळीला येतो. मग बघू."

सकाळच्या एसटीनं तो गेला. साळूनं आंघोळीचं पाणी उपसलं, वाफ उठली, आरसा पांढरा झाला. आणि त्या पांढऱ्यात पाच बोटांचा पंजा हळूहळू वर आला. जिथं त्यानं पुसलं होतं तिथं. रोज यायचा. साळू सगळा आरसा घासायची, तेवढी जागा सोडून.

दिवाळीला सोनबाला रजा मिळाली नाही. फराळ खाऊन श्रीपत एकटाच परत निघाला. "वैनी, काय निरोप?"

साळूनं न्हाणीकडं बघितलं. दोन्ही आरसे जसेच्या तसे.

"सांगा, दुसरा पन वाढवला."

श्रीपत घोटाळला. "अगो, म्हनजे मोठा केला का फुटला?"

"सोडा त्यांच्यावर. ते समजतील."

"दिसाचा दिवा कशाला गो?" आतून ठमाबाई ओरडली. "वाढव तो!"

"र्‍हाऊ दे, आत्याबाई," साळू म्हणाली, आणि हंड्याखाली लाकडं सारायला गेली.