गव्हर्नर पाहिजे

"माणूस जातो, आवाज राहतो," जोतीराम इंजिनच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गंभीरपणे म्हणाला.

काउंटरमागच्या बापूसाहेबांनी तितक्याच गंभीरपणे विचारलं, "व्हय, पण पार्ट कुठला पायजे?"

"गव्हर्नर."

"ते मुंबईला असत्यात. बाकी समदं बारामतीत मिळतं."

गिऱ्हाईकं हसली. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात नोकरी संपवलेला जोतीराम हसला नाही. त्याने पिशवीतून मोडका पितळी तुकडा काढला. फोनोची, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनची, तबकडी एका वेगात फिरावी म्हणून आत हा गव्हर्नर असतो. तो नसला की चावी दिल्याबरोबर तबकडी उधळलेल्या खोंडासारखी पळते. माहेरच्या वाटणीत भावांनी जमीन घेतली आणि जोतीरामच्या आईला, लीलाबाईला, हा फोनो दिला, तोही मोडका. सोबतच्या एकुलत्या तबकडीवर तिचे वडील गवळण गात होते. ती तिला एकदा ऐकायची होती. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात तिचं पथ्य काढून टाकलं होतं. म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं होतं.

"डिझेल इंजनाचा देऊ का? पाच हॉर्सपावरचा."

"गवळण हाय बापूसाहेब, हीर न्हाय उपसायची."

इंदापूरच्या भंगारवाल्याने शिवणयंत्राचं चाक दाखवलं. भिगवणच्या मासळीच्या हॉटेलात मात्र दारातच कर्ण्यासकट अख्खा फोनो उभा होता. मालकाने कौतुकाने झाकण उघडलं. आत ब्लूटूथ स्पीकर होता.

"दिसायला जुना, वाजायला नवा. मासं खानार का?"

जोतीरामने खाल्ले. हात रिकामे होतेच, पोट तरी कशाला ठेवायचं.

घरी येऊन त्याने चावी दिली आणि तबकडीच्या कडेला अंगठा टेकवला. "आजपास्नं गव्हर्नर मीच."

"मिनटाला अठ्ठ्याहत्तर फेरं पायजेत म्हनं," बायको, अनिता, मोबाइलमध्ये बघून म्हणाली. अंगठ्याला हे कळवायची सोय नव्हती.

गवळण सुरू झाली.

"ही कोन बाई?" लीलाबाईने खाटेवरून विचारलं.

त्याने अंगठा दाबला.

"आता रेडा वरडाय लागला."

त्याने अंगठा सैल सोडला, दाबला, पुन्हा सोडला. दर वेळी कर्ण्यातून नवाच माणूस गात आला. एकदाचा आवाज जरा माणसात आला.

"आये, असाच व्हता का आज्जाचा?"

लीलाबाईने बराच वेळ कान दिला.

"मला काय ठावं? आबा गेलं तवा मी पाळन्यात व्हते," ती म्हणाली. "कसा व्हता, त्येच तर ऐकायचं व्हतं."

चावी उतरली. तबकडी थांबली. जोतीरामच्या अंगठ्याची साल निघाली होती.