तीन पांढऱ्या रेघांचे पिंप

मित्रांनो, मी एक जुने, अर्धे पिंप आहे. मला गंज फारसा लागलेला नाही आणि माझ्या पोटावर एक मोठे सूर्यफूल रंगवलेले आहे. तरीही जरा लांबच उभे राहा. मला स्वतःचीच शिसारी येते. ती का येते, ते ऐका.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, जोड दिला, तळ बसवला, वर झाकण आणि त्याला कडी. माझ्याबरोबरची काही पिंपे तेलाला गेली, काही मधाला. मधाला गेलेल्यांचा मला फार हेवा वाटतो. मी गेले युरेनियमच्या कारखान्यात.

तिथे खाणीतला दगड यायचा. तो दळायचे, आम्लात भिजवायचे, वाळवायचे, आणि शेवटी उरायची ती पिवळी भुकटी आमच्यात भरायचे. त्या भुकटीचे पुढे दुसरीकडे इंधन होते आणि इंधनाची वीज. जगात चारशेच्या वर अणुभट्ट्या आहेत. एका मोठ्या भट्टीला वर्षाला माझ्यासारखी पाचशे-सहाशे भरलेली पिंपे लागतात. त्या विजेला धूर नाही. त्या विजेवर दवाखाने चालतात, तुमच्या अभ्यासाच्या खोलीतला दिवा लागतो. म्हणून सांगते, मला किळस आली ती विजेची नव्हे.

मला भरणारा माणूस एकच होता. सगळे त्याला भरणाराच म्हणत. तोंडाला मुसके बांधून तो नळीखाली पिंप लावायचा, भरले की काठ पुसायचा, कडी आवळायचा आणि झाकणावर दोन थापा मारायचा. त्याच्या हातून चिमूटभरही सांडत नसे. कामावर आल्यावर कारखान्याचे कपडे घालायचे आणि जाताना ते तिथल्याच धुलाईघरात टाकून अंघोळ करायची, असा नियम होता. भरणारा नखेसुद्धा घासायचा. मला तेव्हा माझा अभिमान वाटे. माझ्यामुळे कुठेतरी उजेड पडतो आहे, असे वाटायचे.

मग दूरच्या एका देशात समुद्र किनाऱ्यावर चढला आणि तिथल्या भट्ट्या बिघडल्या. कितीतरी देशांनी आपापल्या भट्ट्या थांबवल्या. युरेनियमची मागणी उतरली, भाव पडले. आमच्या कारखान्याच्या साहेबांनी काटकसर सुरू केली. त्यांनी सर्वांत आधी काय बंद केले असेल? स्वतःच्या खोलीतला पंखा नव्हे. धुलाईघर.

"कपडे घरी धुवा," साहेब म्हणाले. "टब नसेल तर चेपलेली पिंपं न्या. कापून देतो."

माझा काठ गाडीवरून पडून चेपला होता. झाकण बसत नव्हते. भरणाऱ्याने मला निवडले.

अशा पिंपांचा एक नियम होता. बाहेर नेण्याआधी ते तीनदा धुवायचे. एकदा धुतले की पोटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. तीन रेघा दिसल्या की फाटकावरचा पहारेकरी पिंप सोडायचा. भरणाऱ्याने मला एकदा धुतले आणि पहिली रेघ ओढली. तेवढ्यात घरी जाणाऱ्या बसने भोंगा वाजवला. त्याने बसकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"आपल्याच घरी तर न्यायचंय," तो स्वतःशीच म्हणाला आणि उरलेल्या दोन रेघा तिथेच ओढून मोकळा झाला. वेल्डरने मला आधीच कमरेतून कापून ठेवले होते. माझ्या तळाच्या सांध्यात पिवळी भुकटी तशीच होती. मी ओरडून सांगितले असते, पण पिंपाला तोंड असते ते फक्त भरण्यापुरते.

घरी त्याची बायको दारातच उभी होती.

"अहो, हे काय? लोक बायकोला कानातलं आणतात, तुम्ही पिंप आणलंत?"

"अगं, कानातलं हरवतं. हे हरवून दाखव!"

ती इतकी हसली की शेजारीण बघायला आली. त्या हसण्याने मी क्षणभर सांध्यातली भुकटी विसरले. तेवढ्यापुरते मी मधाच्या पिंपासारखे होते.

मागच्या दारी, नळाखाली, मला जागा मिळाली. रोज संध्याकाळी ती नवऱ्याचे कपडे आधी झटकायची आणि मग माझ्यात भिजवायची. पाणी पिवळे व्हायचे. कडेला फेसाळ पिवळा थर बसायचा, तळाशी गाळ साचायचा. तो गाळ ती हाताने उपसायची.

"शी! काय मेलं चिकटतंय!" असे म्हणत ती नखांतली घाण काडीने काढायची आणि त्याच हातांनी पीठ मळायला आत जायची. मित्रांनो, मला डोळे मिटता आले असते तर मी त्या वेळी मिटले असते. लाकडी पाठीचा एक ब्रश होता तिचा. त्याने ती माझा तळ घासायची, अगदी सांध्यापर्यंत. मला स्वच्छ ठेवायची तिची फार धडपड होती.

असे सहा वर्षे चालले. मागणी आणखी उतरली आणि एक दिवस कारखान्याला कुलूप लागले. त्यानंतर दोन वर्षांनी तिची मूत्रपिंडे निकामी झाली. भरणाऱ्याने डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारले. डॉक्टर म्हणाले, "कशानं झालं ते ठाम सांगता येणार नाही." मलाही ते सांगता येणार नाही. सांध्यातली भुकटी आधीची किती आणि कपड्यांतून आलेली किती, तेही मी वेगळे करू शकत नाही. मला एवढेच ठाऊक आहे की तिचे हात रोज माझ्यात होते.

ती गेल्यावर भरणाऱ्याने मला हलवले नाही. ब्रशही माझ्यातच राहिला. तो मागच्या पायरीवर बसून माझ्या तीन रेघांकडे बघत राहायचा. जेवण निवून जायचे. मुलगी हाक मारायची तेव्हा उठायचा.

काही वर्षांनी वारे फिरले. जगाला पुन्हा वीज हवी झाली, धूर नको झाला. जुन्या भट्ट्या चालू होऊ लागल्या, नव्या बांधायला निघाल्या. भुकटीला मागणी आली. आमच्या कारखान्याचे कुलूप निघाले आणि भरणाऱ्याच्या जागेवर त्याचाच जावई लागला. धुलाईघर मात्र बंदच राहिले. उद्घाटनाला नव्या कामगारांच्या घरी एकेक अर्धे पिंप भेट द्यायचे ठरले. फाटकाशी शोभेसाठी एक जुने पिंप हवे होते, म्हणून मला उचलून नेले.

रंगाऱ्याने माझ्यावर सूर्यफूल काढले. तीन रेघा मात्र तशाच ठेवल्या. साहेबच म्हणाले, "राहू द्या, लोकांना कळू दे आपण किती काळजी घेतो." रंगाचा तो गोड वास मला गाळापेक्षा घाण वाटला.

समारंभाला भरणारा सर्वांत मागे उभा होता. हातात माझ्यातला ब्रश होता. साहेबांनी विजेवर भाषण केले. मग एकेका घराचे पिंप द्यायला सुरुवात झाली. भरणाऱ्याची मुलगी पुढे गेली आणि तिने पिंपाच्या काठाला हात लावला.

"त्याला हात लावू नकोस!" भरणारा ओरडला.

"बाबा, अहो, असं काय करता? सगळे बघतायत."

"बघू दे." तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. ब्रशची पाठ त्याने माझ्या तळाच्या सांध्यात घातली, खरवडली आणि वर धरली. टोकाला ओलसर पिवळे लागले होते. "हे पिंप मी एकदाच धुतलं होतं. रेघा तीन ओढल्या. बस सुटत होती म्हणून. तुझी आई यात सहा वर्षं कपडे धूत होती."

साहेबांचा चेहरा हळूच खुलला. ते ध्वनिक्षेपकाजवळ गेले.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? कारखान्याचा नियम चांगलाच होता. यांनीच तो मोडला."

"मोडला," भरणारा म्हणाला. "माझी चूक मी पदरात घेतली, साहेब. मी मरेपर्यंत ती उतरायची नाही. आता तुमची तुम्ही घ्या. हे पिंप घरी का आणावं लागलं? धुलाईघर कुणी बंद केलं?"

"कामाच्या वेळी बोलू ते."

"ही कामाचीच वेळ आहे. जावयाचे कपडे आज संध्याकाळी कुठे धुवायचे, ते सांगा."

साहेब पाणी प्यायले. मुलीने काठावरचा हात काढून घेतला आणि तो ओढणीला पुसणार होती, पण थांबली. हात तसाच अंगापासून दूर धरून ती नळ शोधायला गेली. तिच्यामागे दुसरी बाई गेली, मग तिसरी. एकही पिंप घरी गेले नाही.

त्या संध्याकाळी कामगार घरचे कपडे घालून बाहेर पडले. कारखान्याचे मळके कपडे त्यांनी फाटकाच्या आत, साहेबांच्या गाडीच्या वाटेवर टाकले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पिवळा ढीग कमरेएवढा झाला. साहेबांच्या गाडीला तो ओलांडता येईना आणि साहेबांना तो हाताने उचलवेना. नाकाला रुमाल लावून ते नुसते बघत उभे राहायचे. पाचव्या दिवशी धुलाईघराचे दार उघडले.

आता मी कारखान्याच्या मागे, तारेच्या कुंपणात आहे. माझ्याबरोबर न वाटलेली तीस पिंपे आहेत. आमच्या पाटीवर कवटी काढली आहे. ती सूर्यफुलापेक्षा खरी आहे.

मित्रांनो, दिवे लावा, अभ्यास करा. पण तुमच्या घरातले मळके कपडे कोण धुते आणि त्यातून तिच्या हाताला काय लागते, ते एकदा विचारा. कोणी तीन रेघा दाखवल्या तर प्रत्येक रेघेला किती पाणी ओतले, तेही विचारा.

भरणारा अधूनमधून कुंपणाशी येतो. ब्रश त्याने परत माझ्यातच ठेवला आहे, कारण तो घरी नेण्यासारखा नाही. तिने घासता घासता ब्रशचे चार-दोन केस माझ्या सांध्यात अडकले होते. ते अजून तिथेच आहेत. ते काढायला कोणी हात घालू नका.