तोंडात लवंग, समोर गिऱ्हाईक

अकरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या कानामागे काड्या बसवतेय. गिऱ्हाईक खुर्चीत, मी समोर, मध्ये वीतभर अंतर. नाकावरच्या पॅडचा बारका स्क्रू फिरवायचा, "टोचतंय का?" विचारायचं. माणूस "आता नाही" म्हणाला की मला जे सुख होतं, ते घरच्यांनी कधी दिलेलं नाही.

सोमवारी मालक म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक तुमच्यापासून मागे सरकतंय. परवाचे मास्तर तर खुर्चीसकट सरकले. शनिवारपर्यंत बघू. नाहीतर तुम्ही मागच्या खोलीत काचा घासायला बसा."

"का सरकतात?"

मालक उगाच काउंटर पुसायला लागले. "ते मी कसं सांगू?"

सभ्य पुरुषाला बाईला सांगता येत नाही ते काय असणार? तोंडाला वास. मी पक्कं धरून टाकलं.

घरी गेल्या गेल्या नवऱ्याच्या नाकासमोर तोंड उघडून श्वास सोडला. "कसला वास येतोय?"

"मला सर्दी आहे," तो म्हणाला. ती बारा महिने असते.

मोबाइलवर वाचलं, मनगट चाटून वाळू द्यायचं नि हुंगायचं. हुंगलं. काचा पुसायच्या स्प्रेचा वास आला. आता तो मनगटाचा की तोंडाचा, काही उलगडेना.

मग वरच्या मजल्यावर धाकट्या जावेकडे गेले. तिने मी वाक्य संपवायच्या आत कुंडीतला पुदिना खुडला. "सकाळी हा चावायचा, जेवणावर बडीशेप, मधल्या वेळात दाढेत लवंग. झोपताना पेरूच्या पानांच्या काढ्याने चुळा भरायच्या."

यादी जणू तिने केव्हाची तयार ठेवली होती.

"म्हणजे वास येतो का गं?"

"मी कुठे असं म्हटलं, ताई?"

"मग येत नाही?"

"असंही नाही म्हटलं."

मंगळवारी पुदिना चावला. दिवसभर गिऱ्हाईकं माझ्याकडे बघून हसत होती. संध्याकाळी आरशात कळलं, पुढच्या दातावर हिरवं पान चिकटलं होतं. बुधवारी लवंग धरली, तर जीभ बधिर. लोक सरकतच होते. गुरुवारी दोन लवंगा. शुक्रवारी श्वास रोखून स्क्रू फिरवला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि गिऱ्हाईकच मला पाणी द्यायला उठलं. इतके उपाय करून माणसं मागेच जात होती. औषध कमी पडतंय, की आजारच वेगळा आहे?

शनिवारी एक आजी आल्या. मी काडी धरून वाकले, तशा त्या मागे रेलल्या. मी आणखी पुढे झाले.

"लवंगेचा घमघमाट सुटलाय," आजी म्हणाल्या. "दात उपटायला आल्यासारखं वाटतंय."

मी घाईने तोंड मिटलं.

"अगं, तोंड कशाला मिटतेस? नाकाला नाक लावायचं बंद कर. चष्मा मला घालायचाय, तुला नाही. तुला दिसतंय ना नीट?"

मी हातातल्या चष्म्याच्या स्क्रूकडे बघितलं. तो नेहमीच्या अंतरावरून खरंच धुरकट दिसत होता. मला वाटायचं, हल्ली स्क्रूच बारीक येतात.

मालकांनी मान खाली घातली. दुकानातच डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला आतल्या स्टुलावर बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली नि दोन मिनिटांत निकाल दिला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं, आणि स्वतःचे डोळे तपासायचं सुचलं नाही.

"ऑपरेशन होईस्तोवर काउंटर सांभाळा," मालक म्हणाले. "खुर्चीजवळची तुमची जागा कायमची कुणाला देणार नाही."

"हे सोमवारीच का नाही सांगितलंत?"

"बाईमाणसाला कसं सांगणार, की तुम्ही लोकांच्या फार जवळ जाता?"

खुर्ची वाचली, म्हणून मी हलकी होऊन घरी आले. पण जिना चढता चढता पुन्हा वासाचा किडा डोक्यात वळवळला. तडक जावेकडे गेले.

"मग तू एवढा पाला का दिलास मला?"

"तुम्ही मागितलात म्हणून."

"म्हणजे वास येत नव्हता?"

ती पुदिन्याला पाणी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तर येत नाहीये ना? मग झालं तर."