मीरिमच्या पहिल्या वर्षाचा अंदाज

"कोट दोन मेंढ्यांचा धरा," सबीरबेक म्हणाला. "बिश्केकला थंडी कमी, पण तिथल्या पोरी बघत असतात."

"एकीचा पुरे, भावजी," तुर्सुनाय म्हणाली. "अस्तर माझ्या जुन्याचं लावते."

नारिन नदीच्या वरच्या अंगाला मोठा खर्च मेंढ्यांतच मोजतात. सोम हे चलन, त्याचा भाव कधी उतरला ते कळत नाही. मेंढी उतरली तर निदान दिसते. मीरिमची कॉलेजातली बिनफीची सरकारी जागा थोडक्यात हुकली होती. धरणं-कालव्यांच्या शिक्षणाला पैसे भरून जागा मिळत होती आणि पहिला हप्ता ऑगस्टअखेर भरायचा होता. म्हणून मीरिम, गावच्या टपालात पेन्शनं वाटणारी तिची विधवा आई तुर्सुनाय आणि थोरला चुलता सबीरबेक बुटक्या मेजाभोवती बसले होते. वसतिगृहाला तीन मेंढ्या. बटाटे आणि कणीक घरून जाणार, पण ती नेणाऱ्या ड्रायव्हरला अर्धी मेंढी. अर्धी मेंढी कशी देतात, हे कुणी विचारलं नाही. फीला मात्र मेंढ्या पुरत नव्हत्या. फी म्हणजे तांबडी घोडी. नवरा गेल्यापासून तुर्सुनायने ती त्यासाठीच पोसली होती.

"आणि मला कशात धरलंय?" चुलीजवळच्या गादीवरून आवाज आला.

तुर्सुनायचे सासरे असानाली वसंतापासून उठले नव्हते. कान मात्र शाबूत होते.

"तुम्हाला कशाला धरायचं, आबा? तुम्ही काय खर्च आहात?" मीरिम म्हणाली.

"आहे तर. सगळ्यात मोठा. मी गेलो की ही माणसं घोडी कापतील. कापू नका. एक मेंढी कापा, म्हातारी असली तरी चालेल. मी काय जेवायला बसणारे?"

"अभद्र बोलू नका, बाबा," सबीरबेक घाईघाईनं म्हणाला.

जिवंत माणसाचं मरण खर्चात धरणं म्हणजे त्या मरणाला आवतण देणं. तुर्सुनायने मान खाली घातली. गेले कित्येक महिने ती मनातल्या मनात तेच धरत होती आणि धरल्याबद्दल स्वतःला शिव्या देत होती.

"साबण राहिला," सबीरबेक म्हणाला. मग साबणावर बरीच चर्चा झाली.

घोडी रविवारच्या बाजारात विकायची ठरली. असानाली शुक्रवारी गेले.

अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला. पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून मोठ्यानं रडू लागले. बायका आत भिंतीकडे तोंड करून विलाप करू लागल्या. सबीरबेकने तुर्सुनायला मागच्या बाजूला बोलावलं. त्याचे डोळे खरोखर सुजले होते.

"घोडी सोडायला सांगतोय."

"भावजी, बाबा मेंढी म्हणाले होते. तुमच्यासमोर."

"म्हणाले ना. कोणता म्हातारा म्हणत नाही? आमचे आजोबाही म्हणाले होते. त्यांनाही घोडीच लागली."

"तुमच्याकडे घोडा आहे."

"घोडा माझा, पण घर कुणाचं? बाप धाकट्याच्या घरातून निघतो, धाकट्याच्या दावणीचंच कापतात. तीन खोऱ्यांची माणसं आलीत. सुनेनं सासऱ्याला मेंढीवर वाटेला लावलं म्हणतील. ह्याच माणसांत उद्या पोरगी द्यायचीय."

"तिला शिकायचंय."

"पुढच्या वर्षी शिकेल. कॉलेज कुठं पळून जातंय?"

आतून तिच्या नावानं हाका येत होत्या. विलापात सुनेचा आवाज कमी पडत होता.

घोडी मीरिमनेच सोडून आणली. परक्या हाताला ती येत नसे.

जेवणं उत्तम झाली. "जनावर चांगलं पोसलेलं होतं," असं जो तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मीरिम तांब्या आणि घंगाळ घेऊन पंगतीत फिरली, एकेकाच्या हातावर कोमट पाणी घालत. शेवटी सगळ्यात वडीलधाऱ्या पाहुण्यानं हात पुसत विचारलं, "ही कुणाची?"

"असानालीची नात," शेजारचा म्हणाला. "बिश्केकला शिकायला निघालीय."

"अरे वा." म्हाताऱ्यानं दुवा द्यायला दोन्ही तळवे उघडले. तंबूतल्या सगळ्यांनी उघडले. "शीक, पोरी. मोठी हो. आजोबांचं नाव काढ."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

तुर्सुनाय दारात मांसाचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि आपलेही दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.