नत्थुजीचा दुपट्टा कॉलेजात जातो

मी दुपट्टा आहे. जाडाभरडा, लाल काठाचा, अंजनगाव सुर्जीच्या बैलबाजारातला. माझं बोलणं जरा धावतपळत येईल, रागावू नका. एका जागी बसून काही करायची मला सवयच नाही. पेटीत घडी होऊन पडणारी कापडं मी पाहिली आहेत. वर डांबराच्या गोळ्या, आणि घरात लग्न निघालं तरच बाहेरची हवा. छे! आपल्याच्यानं नाही होणार ते.

अचलपूरच्या एका कोष्ट्यानं मला विणलं. मागावरून उतरलो नाही तोच नत्थुजींनी मला उचललं, दोन्ही हातांनी ताणलं, उजेडापुढे धरलं आणि म्हणाले, "आरपार दिसत नाही ना? मंग झालं." लोक कापड घेताना पोत बघतात, रंग जातो का विचारतात. ह्या माणसाला फक्त झाकणारं कापड हवं होतं.

कारण नत्थुजी बैलांचे दलाल. त्यांच्या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नाही, अशी रीत. दलाल आपला दुपट्टा समोरच्याच्या हातावर टाकणार आणि त्याच्या खाली बोटं दाबून भाव सांगणार. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पंजा धरला की पाच. वरून गप्पा काय, तर पाऊसपाणी, पोरीचं लग्न, गुडघेदुखी. खरी बोली सगळी माझ्या अंगाखाली. नत्थुजी आधी विकणाऱ्याचा हात धरायचे, मग घेणाऱ्याचा, आणि पुन्हा विकणाऱ्याचा. बाजाराच्या दिवशी मी घटकाभरही खांद्यावर टिकत नसे. ह्या हातावरून त्या हातावर, धुळीत, शेणात, घामात. काय दिवस होते ते, बाप्पा!

पुढे नत्थुजींची बोटं आखडायला लागली, तेव्हा त्यांनी मला पोराच्या खांद्यावर टाकलं. पोराचं नाव पंजाबराव. मॅट्रिक झालेला, मिशी राखलेला, एका लेकराचा बाप. त्याचा हात बापापेक्षाही हलका होता. पण माणूस मोठा अस्वस्थ. सौदा तुटला तर अस्वस्थ, सौदा जमला तर त्याहून जास्त. घरी आला की अंगणात येरझारा सुरू, आणि मी त्याच्या मुठीत चुरगळत. त्याची बायको कौशल्या म्हणायची, "बसा ना जी घडीभर. जमीन घासून जाईन तुमच्या चालन्यानं."

एकदा एका पाहुण्याबरोबर तो वरूडला गेला. तिथं संत्र्याच्या बागाइतदारांनी नवी सोसायटी काढली होती. संत्र्यांचे ढीग लागले होते आणि एक माणूस खोक्यावर उभा राहून भाव ओरडत होता. दुसरा त्याच्यावर चढवत होता, तिसरा आणखी वर. सगळं उघडं, सगळ्यांच्या कानावर. पंजाबराव तोंड उघडं टाकून बघत राहिला. मला तर शरमल्यासारखं झालं. भर बाजारात अशी बोंबाबोंब करतात का कोणी?

सोसायटीचे लोक त्याला म्हणाले, "आमाले म्यानेजर पाहिजे. पन कॉमर्स शिकलेला पाहिजे."

तिथूनच हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. जेवताना कॉमर्स, झोपताना कॉमर्स. शेवटी कौशल्याच म्हणाली, "जा ना एकदाचे शिकाले. लेकराचं मी पाह्यतो. पन घरात असे भवऱ्यासारखे फिरू नका."

त्यानं बापाच्या कानावर घातलं. नत्थुजी ओट्यावर सुपारी कातरत होते. कातरता कातरता थांबले.

"आपल्या धंद्याची लाज वाटते का तुले?"

पंजाबराव काहीच बोलला नाही. अरे, 'नाही' म्हण ना! मी त्याच्या खांद्यावर नुसता तडफडत होतो. पण हा गप्प. आणि तो गप्प राहिलेला क्षण म्हाताऱ्याच्या काळजात जाऊन बसला. मग त्यांनी अट घातली, "शिक. पन दर बाजाराले दुपट्टा खांद्यावर पाहिजे. एक बाजार चुकला का शिक्षन बंद. मी सोता येऊन घेऊन जाईन."

हे बासष्ट सालचं. पंजाबराव पहिल्यांदा गेला अमरावतीला, एका मोठ्या कॉलेजात. उंच खांब, रुंद पायऱ्या, पायऱ्यांवर कोवळी पोरं. खिडकीतल्या कारकुनानं ह्याची मिशी पाहिली, धोतर पाहिलं, मला पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, पोराले घेऊन या ना. सही त्याचीच लागते."

ह्या माणसाला 'शिकणारा मीच' एवढे दोन शब्द बोलता आले नाहीत. "बरं जी," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. एस.टी. स्टँडपर्यंत त्यानं मला असा पिळला की माझा काठ उसवला. कारकुनाचा काही दोष नव्हता म्हणा. पण राग यायचा तो आलाच.

मग कोणीतरी अकोल्याचं सांगितलं. जठारपेठेत एक लहानसं कॉमर्स कॉलेज होतं, शिक्षण चार वर्षांचं. खाली किराणा दुकान, वर वर्ग. सकाळी उजाडता उजाडता तास सुरू, आणि लोक कामावर जायच्या आत संपलेसुद्धा. पंजाबराव जिना चढला तर वर प्रिन्सिपॉल रामराव स्वतःच फळा पुसत होते. किडकिडीत माणूस, कोपरापर्यंत खडू. त्यांनी हात कोटाला पुसला आणि पुढे केला, "या. मी रामराव."

आणि पंजाबरावनं काय करावं? झटक्यात मला खांद्यावरून ओढलं, साहेबांच्या हातावर टाकलं आणि खाली बोटं दाबायला सुरुवात केली!

अहो, सवय! बाजारात कोणी हात पुढं केला की दुसरं काही सुचतच नाही. मी साहेबांच्या मनगटावर लोंबकळतोय, पंजाबरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आहेत, आणि जिन्यात बसलेले दोघं-तिघं माना वर करून बघताहेत. पण रामरावांनी हात मागे घेतला नाही. तसाच राहू दिला.

"हे काय आहे?"

"चुकलं साहेब. बैलाचा दलाल हाओ मी. कोनाचा हात आला का दुपट्टा आपोआपच पडते."

"बरं, मग बोटं काय म्हणाली?"

पंजाबरावनं खाली मान घातली. "मले घ्याल का, म्हनत होती."

रामराव असे हसले की डस्टर हातातून पडलं. मग खाली बसले, ह्यालाही बसवलं, आणि म्हणाले, "आता सांगा. आजपर्यंत काय काम केलं? सगळं सांगा, मला घाई नाही." मार्क विचारले ते नंतर, वय विचारलंच नाही.

असं माझं कॉलेजशिक्षण सुरू झालं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते अजिबात आवडलं नाही. बाक टोचतो म्हणून पंजाबराव मला घडी करून खाली घ्यायचा. मी, बैलबाजाराचा दुपट्टा, आणि माझ्यावर बसायचं? वर तो नफा-तोटा शिकतोय, खाली मी चरफडतोय.

वर्गात सगळे असेच, आधी दुसरं काहीतरी केलेले. शेजारी बसायचा देवमन. रेल्वेत सांधेवाला होता, गाडीचे रूळ बदलायचं काम. छप्पन साली त्यांचं अख्खं घर बौद्ध झालेलं. पुढच्या बाकावर सुभद्राबाई, दवाखान्यात नर्स. तास सुटला की तशाच पांढऱ्या साडीत पळायच्या ड्यूटीवर.

एक दिवस बाजारभाव शिकवताना रामराव म्हणाले, "पंजाबराव, तुमची रीत दाखवा बरं सगळ्यांना." मग माझी घडी उलगडली, आणि मला पहिल्यांदा त्या खोलीत बरं वाटलं. देवमननं हात पुढं केला. पंजाबरावनं मला त्यावर टाकलं, बोटं दाबली, देवमननं हसत हसत परत दाबली. मग म्हणाला, "आमच्या बुढ्यानं बैल इकला होता तुमच्या बाबाच्या हातून. पन तुमच्या बाबानं हात नाही धरला त्याचा. गड्याले धराले लावला."

पंजाबरावनं माझ्याखाली देवमनचा हात सोडला नाही. "आज मी धरला ना," एवढंच म्हणाला. तेव्हाही मीच होतो त्या गड्याच्या हातावर.

दर बाजाराला आम्ही अकोटवरून एस.टी.नं अंजनगावला जायचो. सौदे करायचे, नत्थुजींना तोंड दाखवायचं, पुन्हा अकोला. म्हातारा बोलायचा नाही. मला मात्र चंगळ वाटायची, चला, निदान आज तरी जगलो! पंजाबराव तिथं असताना वर्गासाठी झुरायचा आणि वर्गात असताना बाजारासाठी. कुठंच धड नाही. मी ओळखतो ती तगमग. माझीही तीच होती.

आणि मग नेमकी बाजाराच्याच दिवशी परीक्षा आली. सकाळी पंजाबराव स्टँडवर गेला, गाडीच्या दारात पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. कंडक्टर खेकसला, "चढा नाही तं उतरा!" तो उतरला. धावत कॉलेजात गेला आणि पेपर लिहिला. मला त्यानं डोक्याला गुंडाळलं होतं, आणि मी घामानं चिंब झालो होतो. बाजार चुकला. आता शिक्षण बंद.

दुसऱ्याच दिवशी नत्थुजी हजर. तास सुटून सगळी मंडळी दुकानापुढे उभी होती. म्हाताऱ्यानं रामराम केला नाही, पाणी घेतलं नाही. सरळ म्हणाले, "चाल. सामान बांध."

पंजाबराव जागचा हलला नाही. रामराव जिन्यावरून खाली आले. नत्थुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं, वरच्या कळकट खिडक्यांकडे पाहिलं, आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं.

"शिकाचंच होतं तं अमरावतीचं कालेज काय वाईट होतं? खांबाचं हाये. लोकं नाव घेते त्याचं. हे काय, किराना दुकानावरचं! इथं काहून आला बे तू?"

सुभद्राबाई म्हणाल्या, "काकाजी, मी तं इथं आली कारन मले नोकरी सोडा लागत नाही. सकाळी शिकतो, मंग पेशंट पाह्यतो."

देवमन म्हणाला, "मी गेलो होतो एका जागी. तिथं पह्यले जात इचारली. इथं पह्यले काम इचारलं."

नत्थुजींनी देवमनकडे पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे. मग पोराकडे वळले. "अन् तू?"

पंजाबरावनं खांद्यावरचं माझं टोक मुठीत आवळलं. बोल रे! त्या दिवशी ओट्यावर गप्प राहिलास, आता तरी बोल!

"बाबा, अमरावतीले मले म्हने पोराले घेऊन या. मी काय करत होतो हे तिथं कोनी इचारलंच नाही. इथं साहेबानं पह्यले तेच इचारलं, आजपर्यंत काय केलं. तुमच्याजोळ शिकलेलं सारं सांगतलं मी. इथं ते फेकून द्या नाही लागत, बाबा. ते घेऊनच बसा लागते."

"काय सांगतलं तू?"

"नत्थुजी दलालाचा पोरगा हाओ, म्हनलं. बोटानं भाव बोलतो, म्हनलं."

"असं सांगतलं? एवढ्या शिकल्यासवरल्या मानसाईत?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"नाही बाबा. तवाबी नव्हती वाटत. मले बोलता नाही आलं."

म्हातारा उभ्या जागी हलल्यासारखा झाला. डोळे पुसायला दुसरं काही नव्हतं म्हणून पोराच्या खांद्यावरून मला ओढलं आणि तोंडावर धरलं. किती वेळ धरलं कोण जाणे. रामराव पुढे झाले आणि त्यांनी बाजारातल्यासारखा हात पुढं केला. त्यांना वाटलं, म्हातारबुवा आता आपल्या रीतीनं बोलतील. मलाही तेच वाटलं. मी तर पसरायला तयारच होतो.

नत्थुजींनी मला काखेत मारलं. "राहू द्या साहेब. हे उघडंच बोलतो."

आणि ज्या माणसानं जन्मभर सौद्याचा एक आकडा तोंडातून बाहेर काढला नव्हता, तो माणूस भर जठारपेठेत, दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघतील एवढ्या आवाजात ओरडला, "चार वर्सं! चार वर्सं देल्लं तुमाले माहं पोट्टं! कमी नाही, जास्त नाही!"

पंजाबराव वाकून पाया पडला. देवमन पाण्याचा गडू घेऊन आला, तेव्हा मात्र नत्थुजी प्यायले.

मला ते आपल्याबरोबर अंजनगावला घेऊन आले. पंजाबराव अजून अकोल्यालाच आहे, मधल्या वर्षांत आहे, आणि वरूडची सोसायटी वाट बघते आहे. इकडे नत्थुजींची बोटं पार आखडली, पण बाजार त्यांनी सोडला नाही. मीही सोडला नाही. हातावरून हातावर जातो, मळतो, विरतो. काठ तर कधीचाच गेला.

तुम्ही कधी बाजाराला आलात तर एक विनंती आहे. सौदा करू नका. नत्थुजींना नुसतं विचारा, "पोरगा काय करते जी?" मग बघा, हातातला सौदा टाकून, मला खांद्यावर झटकून ते असे मोठ्यानं सांगायला लागतात की बैलसुद्धा कान टवकारतात. तेवढा वेळ माझी कोणाला आठवण राहत नाही. राहू नये. तेवढाच वेळ मी स्वस्थ बसतो.