हिरव्या सायकलीतला तडा

मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी पोलादी सायकल आहे. रंग हिरवा, आता जागोजागी उडालेला. वय चौदा. माणसांत या वयात मिसरूडही फुटत नाही, पण शर्यतीच्या सायकलींत मला म्हातारी म्हणतात.

एका कारागिराने मला आपल्या घराखालच्या खोलीत बनवलं. वर्षाला तो दहा-बाराच सायकली करायचा. नळ्या कानशीने घासायच्या, एकमेकींना अचूक भिडवायच्या, मग ज्योतीने तापवून सांध्यात पितळ वितळवायचं, असं त्याचं काम. पायडलच्या आसाजवळचा माझा उजवा जोड तो भरत होता, तेवढ्यात दारातून कोणीतरी हाक मारली. त्याने मान वळवली आणि ज्योत त्या जागी क्षणभर जास्त रेंगाळली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. वर रंग चढला आणि मी देखणी झाले.

मला घेतलं ते बेकरीत भट्टीवर काम करणाऱ्या एका मुलीने. घरात तिला धाकटी म्हणत. पहाटेपासून दुपारपर्यंत ती पाव भाजायची आणि दुपारनंतर मला घेऊन डोंगराच्या रस्त्याला लागायची. तिच्या हातमोज्यांनासुद्धा पावाचा वास यायचा. दर रविवारी ती मला उलटी करून कापडाने पुसायची, साखळीला तेल द्यायची. आम्ही हौशी शर्यतींत उतरायचो. कधी तिसऱ्या आलो, कधी पाचव्या, दोनदा पहिल्या. एकदा तिचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं. तिच्या मालकाने ते भट्टीवर चिकटवलं आणि महिन्याभरात ते पावासारखंच खरपूस झालं.

मग एका शर्यतीत उतारावरच्या वळणावर आम्ही पडलो. खरं काय झालं ते मी तुम्हाला सांगते, कारण तेव्हा ते मला एकटीलाच ठाऊक होतं. त्या जास्त तापलेल्या जोडापाशी माझ्या नळीला बारीक तडा गेला होता. वळणावर जोर आला आणि मागचं चाक केसभर सरकलं. उतारावर केसभर पुरतं.

धाकटीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. माझ्यावर थोडे ओरखडे आले. लोकांनी ओरखडे बघितले आणि सायकल धडधाकट आहे असं ठरवलं. म्हणजे चूक तिचीच. तिचा थोरला भाऊ शाळेची बस चालवायचा. माणूस मायाळू, पण तोंडाला कुलूप नाही. "आमची धाकटी वळणावर घाबरली आणि ब्रेक करकचून दाबला," असं तो येईल त्याला सांगायचा. धाकटी मान डोलवायची. तिलाही तसंच वाटू लागलं होतं. हाड जुळलं, पण ती पुन्हा माझ्यावर बसली नाही. तळघरात कपडे वाळत घालायच्या खोलीत मला खिळ्यावर टांगलं. तिथे सदा ओल असायची. माझ्यावर धूळ साचली आणि तड्यात गंज धरला. पाच वर्षं मी ओल्या चादरींच्या मागे लटकून होते.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. एका संध्याकाळी कपडे काढताना तिने मला पाहिलं आणि वर जाऊन विचारलं, "वन्सं, ती खालची सायकल मी चालवू का?"

"चालव की," धाकटी म्हणाली. "मला काय तिचं लोणचं घालायचंय?"

बोलली असं, पण त्या दिवशी ती जेवणाच्या ताटावरून लवकर उठली.

वहिनीने मला नवे टायर घातले, नवी साखळी घातली, रंग चमकवला. खालच्या बाजूचा चिकट मळ मात्र तसाच राहिला. वर्षभर ती कामावरून आल्यावर मला पळवायची. पाय चांगले होते तिचे. धाकटी बघायची, पण काही बोलायची नाही. वहिनी एकदा दादाला हळूच म्हणाली, "वन्संना माझं सायकल चालवणं बघवत नाही बहुतेक." दादाने नेमकं तेच बहिणीला जाऊन सांगितलं. त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलू लागल्या.

शर्यत होती वसंताच्या सुरुवातीला. झाडांना नुकती पालवी फुटत होती, पण सकाळी बोटं आखडत होती. रस्त्याच्या कडेला हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी अजून पडून होती. चार फेऱ्या, प्रत्येक अठरा किलोमीटरची. प्रत्येक फेरीत एक चढ आणि त्याच्या माथ्यावरून सरळ खाली सुटणारा उतार. दादाला ऐन वेळी बस घेऊन जावं लागलं, म्हणून पाण्याची बाटली द्यायला धाकटी आली. शर्यतीच्या रस्त्यावर ती सहा वर्षांनी उभी राहिली होती. तिने वहिनीच्या पाठीवर नंबर टाचला, चार पिना, चार कोपऱ्यांना.

पहिल्या फेरीत पन्नासएक बायका एकत्र होत्या. वारा आडवा होता. वहिनी इतरांच्या आडोशाने चालली आणि तिने दम राखून ठेवला. दुसऱ्या फेरीत चढावर घोळका फुटला. पुढे आठ जणी राहिल्या आणि त्यांत वहिनी होती. माझ्या जोडातून मात्र आवाज येऊ लागला. उजवा पाय खाली गेला की टक्. पुन्हा खाली गेला की टक्. वाऱ्यात तो वहिनीला ऐकू गेला नाही. तिसऱ्या फेरीत चढाच्या पायथ्याशी धाकटी बाटली घेऊन उभी होती. तिला तो ऐकू गेला. बाटली देता देता तिचा चेहरा बदलला, पण आम्ही पुढे निघून गेलो होतो.

तिसरी फेरी पूर्ण करून पायथ्याशी आलो, तेव्हा तिच्या हातात बाटली नव्हती. ती आमच्या बाजूने धावू लागली.

"वहिनी, थांब. उतर खाली."

"आता?" वहिनी धापा टाकत म्हणाली. "शेवटची फेरी आहे, वन्सं."

"सायकल आवाज करतेय. उतारावर जाऊ नकोस."

वहिनी थांबली नाही. तिच्या मनात काय आलं असेल ते मी सांगू शकते, कारण हँडलवरची तिची पकड आवळली. आठ जणींत होती ती. आयुष्यात पहिल्यांदा पदक हाताशी आलं होतं आणि नेमकी नणंद उतर म्हणत होती. ती उभी राहून पायडल मारू लागली. मी टक् केलं. मला दुसरं काही बोलता येत नाही. चढ वाढला तसा वारा डोंगराआड गेला, आणि मग तिलाही ऐकू आलं. टक्. टक्. तिने पाय हलका केला, आवाज थांबला. पाय दाबला, पुन्हा आला.

माथ्यावर सात जणी उताराला लागल्या. वहिनी रस्त्याच्या कडेला थांबली आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला हाताने ढकलत आल्या वाटेने परत खाली उतरू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं म्हणता आलं असतं.

धाकटी वर चढतच येत होती. "बरोबर ऐकलंत तुम्ही," वहिनी म्हणाली. दोघींनी मला गवतावर उलटी केली. धाकटीने गळ्यातला रुमाल काढून सहा वर्षांचा मळ पुसला. तडा नळीभोवती अर्धा फिरला होता. तिचं नख त्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी दादाने तिघींना बसमधून कारागिराकडे नेलं. तिघींत मीही आले. म्हाताऱ्याने भिंग लावून तडा बराच वेळ पाहिला.

"हा कालचा नाही," तो म्हणाला. "आत जुना गंज आहे. पाच-सहा वर्षं तरी झाली. आणि हा जोड मी जास्त तापवला होता, धातूच्या रंगावरून कळतंय. चूक माझी आहे, बाई."

धाकटी स्टुलावर बसली. "म्हणजे मी ब्रेक नीट दाबला होता," ती म्हणाली.

मग दादा खाली बघत म्हणाला, "आणि मी गावभर सांगत फिरलो."

"मला आधी कळायला हवं होतं, वन्सं," वहिनी म्हणाली. "मी काय काय समजून बसले होते."

"असू दे. तू थांबलीस ना."

कारागिराने ती नळी कापून नवी बसवली. काम चालू असताना त्याने दाराला आतून कडी लावली होती. आता धाकटी मला एक दिवसाआड बाहेर काढते. पहिल्याच महिन्यात ती त्या उतारावरून खाली आली. सावकाश आली, घरी येऊन आंघोळ केली आणि कोणाला काही सांगितलं नाही. वहिनीने दुसरी सायकल घेतली आहे. चढावर ती पुढे असते, उतारावर धाकटी.

मित्रांनो, तुमच्या सायकली महिन्यातून एकदा तरी उलट्या करा आणि खालून पुसा. आम्ही चकाकतो ती बाजू सगळेच पुसतात. नवा आवाज आला तर थांबा, कितीही घाई असली तरी. आणि कोणी पडलं, तर आधी त्याला हात द्या, मग त्याची सायकल नीट तपासा. चूक कोणाची हे त्यानंतर ठरवलं तरी चालतं.