तिलवाऱ्याची कुदळ आणि मी

मी डब्यात गुंडाळलेली काचेची तार बोलून राहिली. केसासारखी बारीक, पण उलगडली तर आमच्या शहरातल्या ओमती भागाचा सारा बाजार ओलांडीन. लोक मला लाँच केबल म्हणतात. अंबादासभाऊ, आमच्या जीपचा ड्रायव्हर, मला उंबरठा म्हणतो. मला तेच नाव आवडते.

कारखान्यात तापल्या काचेची धार ओढून मला काढलं. माझ्या बहिणी गावं जोडायला जमिनीखाली गेल्या, अन् मी आली या पिवळ्या डब्यात. वाईट वाटलं होतं, खोटं काहून बोलू?

लांब लायनीतला दोष शोधायचा तर मशीन तिच्यात उजेड फेकते अन् परत येणारा उजेड वाचते. पण आपल्याच उजेडानं तिचे डोळे दिपतात. भर उन्हातून घरात शिरलेल्या माणसाला दाराजवळचं दिसत नाही, तसं. म्हणून मशीन अन् लायन यांच्या मधे मला लावायचं. दिपणं माझ्यातच सरते, अन् लायनीचं तोंड साफ दिसते.

पण माणसाला घाई. लायन तपासणारी आमची विनता, तिचा कामातला जोडीदार गौतम म्हणे, "दीदी, ये डब्बा रहने दो, फुकटचं ओझं." मग मी सीटखाली, पान्यांच्या शेजारी.

यंदा ओमतीहून तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदेपार लायन टाकली. पलीकडे उजेड पोचे, पण मेलेला. मशीनच्या रेघेत पुलाजवळच्या जोडावर बारीकशी पायरी दिसली, म्हणजे तिथं उजेड थोडा घटला. ठेकेदार म्हणाला, इथंच खोदा. इथं म्हणजे राधाबाईच्या दुकानापुढं. संक्रांतीचा मेळा तोंडावर, अन् तिळाच्या लाडवांवरच तिचं घर चालते. ती भांडली नाही. टोपली घेऊन तिथंच बसली.

"खोदा. मी उठत नाही."

विनताला ते पटेना. "एवढ्याशा पायरीनं इतका उजेड नाही हरवत," ती ठेकेदाराला म्हणाली. "ओमतीला उंबरठा लावून पाहते. तोवर कुदळ लागणार नाही."

"जाओ दीदी, शाम तक रुकता हूँ," तो हसला.

ओमतीच्या ज्या खोलीतून लायन निघते, तिथं तिनं मला लावलं. मी मनात म्हटलं, आज हलायचं नाही. उजेड माझ्यातून नीट धावला, अन् लायनीच्या पहिल्याच जोडावर धपकन पडला. विनतानं भिंगातून पाहिलं. लायनीच्या टोकावर धूळ अन् तेलकट डाग.

"गौतम, हे कशानं पुसलं?"

"शर्टानं. चष्मा पुसतो तसं." मग हळूच, "फूंक भी मारी थी."

"वा," अंबादासभाऊ म्हणाला. "काखेत कळसा, अन् खोदून राहिलो तिलवारा."

विनतानं कोऱ्या कापडाला स्पिरिट लावून ते टोक पुसलं. पलीकडे उजेड भरून पोचला. तिनं फोन लावला, "कुदळ उचला जी. बाईचं दुकान लागू द्या."

आता माझ्या डब्याची कडी तुटली आहे, रबर बांधून चालते. पण जागा पुढच्या सीटवर. मेळ्यात राधाबाईनं साऱ्यांना लाडू दिले, एक माझ्या झाकणावर ठेवला. तो गौतमनंच खाल्ला. हात शर्टाला पुसले, मग कोरं कापड काढलं अन् माझं टोक पुसलं.

बाबांनो, जिथं जाल तिथं मला आधी लावा. मी जीपमध्येच आहे. दुसऱ्याच्या दारात कुदळ मारायची, तर आधी आपला उंबरठा पाहून घ्या.